उंदराच्या आतड्यातील बीजाणुधारी तंतू

रॉबर्ट कॉख ह्या जर्मन वैद्याने १८८१ साली घट्ट पोषक थरावर सूक्ष्मजंतूंची निर्भेळ वाढ करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून सूक्ष्मजंतुशास्त्रात एक दंडक जणू आपोआप रूढ झाला. जो सूक्ष्मजंतू काचपात्रात एकटा वाढविता येतो, त्याचीच ओळख पक्की समजावयाची. हा दंडक निष्कारण नव्हता. कोणत्या अन्नावर तो पोसतो, किती उष्णतेने मरतो, कोणती द्रव्ये निर्माण करतो, हे प्रश्न त्याला इतरांच्या गर्दीतून वेगळा काढल्यावाचून विचारताच येत नसत. क्षय, पटकी, घटसर्प ह्यांचे जंतू अशाच रीतीने हाती आले. परंतु प्राण्यांच्या आतड्यात नांदणारे पुष्कळ सूक्ष्मजंतू ह्या दंडकाला जुमानीत नाहीत. यजमानाच्या देहात ते विपुल वाढतात. देहाबाहेर काढले की कोणत्याही रसावर, कोणत्याही उबेत त्यांची वाढ होत नाही.

अशांपैकी एका सूक्ष्मजंतूची ही हकीकत आहे. तो उंदरांच्या लहान आतड्यात राहतो. येथे भाषेचा एक खुलासा करणे अवश्य आहे. इंग्रजीत माउस आणि रॅट अशी दोन वेगळी नावे ज्या दोन प्राण्यांना आहेत, त्या दोहोंनाही आपण मराठीत बहुधा उंदीरच म्हणतो. घूस हा तर तिसराच प्राणी. प्रस्तुत लेखात माउस ह्यास घरउंदीर व रॅट ह्यास मोठा उंदीर म्हटले आहे, आणि जेथे भेदाचे प्रयोजन नाही तेथे नुसते उंदीर म्हटले आहे. पुढे हा भेद बराच महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

तंतूचे स्वरूप

लहान आतड्याच्या अखेरच्या भागास शेषांत्र म्हणतात. घरउंदराच्या शेषांत्राचा एक तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्याच्या आतील अस्तरावर बारीक तंतूंचे रान उगवलेले दिसते. प्रत्येक तंतूची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते. लांबी मात्र त्याच्या ऐंशीपटीपर्यंत जाऊ शकते. उसाच्या कांडाला जशी पेरे, तसे ह्या तंतूला आडवे पडदे असतात, आणि दोन पडद्यांमधील प्रत्येक पेर ही एक स्वतंत्र पेशी असते. तंतूच्या बुडाशी असलेले पहिले पेर टोकदार असून ते आतड्याच्या पेशीत खुंटीसारखे रुतलेले असते. रुतलेले म्हटले तरी ते पेशीची त्वचा फाडून आत शिरत नाही. त्वचा तेवढ्या जागी आत दबते, तिच्या खाली पेशीतील प्रथिनांचा एक घट्ट थर जमतो, आणि जंतू बाहेरच राहतो. इतका निकटचा शेजार असूनही यजमानाची पेशी जिवंत व धडधाकट असते, हे पाहून पहिल्या निरीक्षकांना नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही.

प्राण्यांच्या आतड्यातील अशा तंतूंचे वर्णन फिलाडेल्फिया येथील निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ लायडी ह्यांनी १८४९ इतक्या पूर्वी केले होते. त्यांनी ते सहस्रपाद प्राण्यांच्या पोटात पाहिले आणि त्यांस आर्थ्रोमिटस हे नाव दिले. घरउंदराच्या शेषांत्रात पेशीला चिकटलेल्या जंतूंचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेले चित्र हँप्टन व रोझारिओ ह्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये डेव्हिस व ड्वेन सॅव्हेज ह्यांनी असे दाखविले की, दूध पिणाऱ्या पिलांच्या आतड्यात हे तंतू नसतात. अंगावरचे दूध सुटण्याच्या सुमारास, म्हणजे जन्मानंतर तीन-चार आठवड्यांनी, ते एकाएकी प्रकट होतात.

एकाएकी प्रकट होणारी ही वस्ती येते कोठून? ह्याचे उत्तर १९७६ मध्ये चेस व अर्लंडसेन ह्यांच्या निरीक्षणांतून मिळाले. तंतू पुरेसा लांबला की टोकाकडील पेरांच्या पोटात नवी शरीरे तयार होऊ लागतात. त्यांपुढे दोन वाटा असतात. काही शरीरे टोकदार खुंटी घेऊन बाहेर पडतात आणि जवळच्याच पेशीला चिकटून नवा तंतू वाढवितात. इतर काही जाड कवच धारण करून बीजाणू बनतात व विष्ठेबरोबर बाहेर जातात. उंदीर स्वतःची व सोबत्यांची विष्ठा खातात, हे सर्वश्रुत आहे. पिलू चारापाण्याला तोंड लावू लागले की हे बीजाणू त्याच्या पोटात जातात, आणि आतड्यात पोहोचल्यावर त्यांना अंकुर फुटतात.

नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. शास्त्रीय वाङ्मयात ह्या जंतूला त्याच्या इंग्रजी वर्णनाच्या आद्याक्षरांवरून एसएफबी म्हणतात. आपण त्यास तंतुजंतू म्हणू. काचपात्रात निर्भेळ न वाढलेल्या जंतूस नियमानुसार पक्के नाव मिळत नाही. त्याच्या नावामागे कँडिडेटस, म्हणजे उमेदवार, हा शब्द लावावा लागतो. त्याप्रमाणे १९९५ मध्ये ह्या जंतूला कँडिडेटस आर्थ्रोमिटस असे म्हटले गेले. पुढे लायडींच्या सहस्रपादातील तंतू व उंदरातील तंतू हे मुळात निरनिराळ्या घराण्यांतील आहेत असे दिसून आल्यावर, उंदरातील तंतूसाठी सॅव्हेज ह्यांच्या गौरवार्थ साव्हाजेला हे नाव २०१२ मध्ये सुचविण्यात आले. तेही उमेदवारीचेच. इतका जुना परिचय असलेल्या प्राण्याने अद्याप उमेदवारच राहावे, ह्यात नियमांचा काटेकोरपणा दिसतो. परंतु शास्त्राची अडचणही दिसते.

दोन पेढ्यांचे उंदीर

एवढ्यावर हा विषय काही मोजक्या सूक्ष्मदर्शकतज्ज्ञांच्या कुतूहलापुरता राहिला असता. तसा तो राहिला नाही, ह्याचे कारण प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांना आलेली एक अडचण होय.

न्यूयॉर्क विद्यापीठातील डॅन लिटमन ह्यांच्या प्रयोगशाळेत इव्हायलो इव्हानोव्ह व इतर संशोधक रक्तातील लसीकापेशींच्या एका विशिष्ट वर्गाचा अभ्यास करीत होते. ह्या वर्गास टीएच-१७ असे नाव आहे. ह्या पेशी आतड्याच्या अस्तराखाली पहारा करतात व परक्या जंतूंचा शिरकाव रोखणारी द्रव्ये निर्माण करवितात. मात्र त्यांचा अतिरेक झाला तर सांधे, मज्जारज्जू इत्यादी स्वतःच्याच अवयवांवर त्या उलटतात. संशोधकांना असे आढळले की, टॅकोनिक ह्या पेढीकडून आणलेल्या घरउंदरांच्या आतड्यात टीएच-१७ पेशी विपुल असत, तर जॅक्सन प्रयोगशाळेकडून आणलेल्या त्याच वंशाच्या घरउंदरांत त्या जवळजवळ नसत. वंश एक, वय एक, आहार सारखा. फरक फक्त पेढीचा. पहिल्या उंदरांच्या आतड्यातील जंतू दुसऱ्यांना दिले, की दुसऱ्यांतही ह्या पेशी उत्पन्न होत. २००९ मध्ये ह्या गटाने कारणाचा उलगडा केला. टॅकोनिकच्या उंदरांत तंतुजंतू होता, जॅक्सनच्या उंदरांत तो नव्हता. इतर कोणतेही जंतू नसलेल्या उंदरांस केवळ हा एक तंतुजंतू दिला तरी टीएच-१७ पेशी तयार झाल्या, आणि आतड्यास दाह करणाऱ्या एका रोगजंतूला तोंड देण्याची शक्तीही त्यांच्यात वाढली. त्याच वर्षी फ्रान्समधील गाबोरिओ-रूत्यो व त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षास आले.

ह्याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. जगभरच्या औषधशाळांत व विद्यापीठांत उंदरांवर जे प्रयोग होतात, त्यांत उंदीर हा एक प्रमाणित पदार्थ आहे असे गृहीत धरले जाते. त्याच्या पोटात कोणता भाडेकरू राहतो ह्यावर प्रयोगाचे उत्तर बदलत असेल, तर कितीतरी जुन्या निष्कर्षांकडे पुन्हा पाहावे लागेल. ही शंका पुढे प्रत्यक्षात उतरली. आपोआप संधिशोथ होणाऱ्या एका वंशाचे घरउंदीर जंतुविरहित ठेवले असता त्यांचा रोग मंदावतो, आणि त्यांना फक्त तंतुजंतू दिला की तो पुन्हा उफाळतो, असे २०१० मध्ये दिसून आले. मेंदू व मज्जारज्जूच्या दाहाविषयी असाच अनुभव २०११ मध्ये आला. आणि त्याच वर्षी, मधुमेह होण्याची प्रवृत्ती असलेल्या वंशातील ज्या माद्यांत तंतुजंतू होता त्यांना मधुमेह कमी होतो असेही आढळले. एकच जंतू एका ठिकाणी रोग वाढवितो, दुसरीकडे आवरतो. त्यास शत्रू म्हणावे की मित्र, हा प्रश्नच बहुधा चुकीचा आहे. तो करतो तरी काय, हा प्रश्न बरोबर. पण ज्याला काचपात्रात वाढविता येत नाही, त्याला हा प्रश्न विचारावयाचा कसा?

एकट्या जंतूचा उंदीर

सजीवाच्या पेशीतील समग्र आनुवंशिक लेखास जीनोम किंवा जनुकसंच म्हणतात. तो डीएनए ह्या लांब रेणूवर चार क्षारकांच्या, म्हणजे जणू चार अक्षरांच्या, लिपीत लिहिलेला असतो. हा लेख वाचला, तर जंतू प्रत्यक्ष वाढविल्यावाचूनही त्याच्याजवळ कोणती साधने आहेत व कोणती नाहीत, ह्याची यादी करता येते.

वाचनाची रीत अशी. एकाच पोथीच्या शेकडो प्रती घेऊन त्यांची पाने आडवीतिडवी फाडली आणि सर्व कपटे एकत्र केले, तर प्रत्येक कपट्यावर थोडीच अक्षरे राहतील. पण निरनिराळ्या प्रतींचे कपटे निरनिराळ्या ठिकाणी फाटलेले असल्यामुळे एकाचा शेवट दुसऱ्याच्या मध्याशी जुळेल, आणि धीराने जुळवीत गेल्यास पोथी पुन्हा सिद्ध होईल. जनुकसंच वाचणारी यंत्रे हेच करतात. जुळवाजुळव गणकयंत्र करते. परंतु ही युक्ती साधण्यास सर्व कपटे एकाच पोथीचे असावे लागतात. उंदराच्या आतड्यातून काढलेल्या मिश्रणात शेकडो जातींच्या जंतूंचे कपटे असतात, आणि शिवाय उंदराचे स्वतःचे. घरउंदराचा जनुकसंच सुमारे २७० कोटी अक्षरांचा आहे. दर पृष्ठावर दोन हजार अक्षरे छापली, तर त्याची साडेतेरा लाख पृष्ठे होतील. तंतुजंतूचा लेख अशा पृष्ठांनी आठशेदहा पृष्ठांचा निघाला. गवताच्या गंजीत सुई हरवावी तशी ही स्थिती होती.

मार्ग काढला तो बीजाणूंनीच. बीजाणू म्हणजे काय, हे कॉख ह्यांनीच १८७६ मध्ये काळपुळीच्या जंतूचे जीवनवृत्त सांगताना दाखवून दिले होते. जंतू आपल्या देहाच्या आत एक लहानसा विभाग पडद्याने तोडतो. मोठा भाग त्या लहान भागाला गिळून टाकतो. त्याभोवती थरावर थर चढतात. आतील पाणी बरेचसे निघून जाते. आणि शेवटी मातृपेशी नष्ट होऊन बीजाणू मोकळा होतो. त्यात जीवनाच्या हालचाली जवळजवळ थांबलेल्या असतात. उष्णता, शुष्कता, जंतुनाशक द्रव्ये ह्यांना तो सहजी दाद देत नाही. म्हणून उंदराच्या विष्ठेवर क्लोरोफॉर्मचा संस्कार केला, तर साधे जंतू मरतात व बीजाणू उरतात. टोकियो येथील याकुल्ट संस्थेतील योशिनोरी उमेसाकी ह्यांच्या गटाने ह्या गुणाचा उपयोग करून, जंतुविरहित उंदरांच्या पोटात केवळ तंतुजंतूच वसविला. १९९१ मध्ये नेदरलँड्समधील क्लासेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीही एकट्या तंतुजंतूची वस्ती असलेले घरउंदीर तयार केले होते. जंतुविरहित उंदीर म्हणजे शस्त्रक्रियेने जन्मास आणलेल्या पिलांची, बंद पेटीत निर्जंतुक हवा, पाणी व अन्न ह्यांवर वाढविलेली संतती. अशा उंदराच्या आतड्यात दुसऱ्या जंतूचा कपटाच नसतो. उरतात ते फक्त यजमानाचे कपटे, आणि ते ओळखून बाजूस काढता येतात, कारण घरउंदराच्या जनुकसंचाचा मसुदा २००२ मध्येच प्रसिद्ध झालेला होता.

म्हणजे काचपात्राच्या जागी उंदीरच वापरला गेला. कॉखच्या दंडकाला दिलेली ही बगल होती, असे आम्हांस वाटते.

लेखात काय निघाले

२०११ ह्या एका वर्षात तीन गटांनी तंतुजंतूचा जनुकसंच प्रसिद्ध केला. एक न्यूयॉर्कच्या लिटमन ह्यांचा. दुसरा जपानमधील तोमोमी कुवाहारा व त्यांच्या सहकाऱ्यांचा. तिसरा जपानमध्येच काम करणाऱ्या मंडळींचा, ज्यांच्या निबंधाच्या प्रथम लेखिका तुलिका प्रकाश ह्या भारतीय संशोधिका होत्या. ह्या तिसऱ्या गटाने घरउंदीर व मोठा उंदीर अशा दोहोंतील तंतुजंतूंचे लेख वाचले.

कुवाहारा ह्यांनी वाचलेल्या लेखात १६,२०,००५ अक्षरे आहेत, आणि ती सर्व एका वर्तुळाकार गुणसूत्रावर आहेत. तुलनेसाठी सांगावयाचे तर आपल्या आतड्यात राहणाऱ्या, प्रयोगशाळेतील सर्वपरिचित एश्चेरिकिया कोलाय ह्या जंतूचा लेख सुमारे ४६ लक्ष अक्षरांचा आहे. तंतुजंतूचा लेख त्याच्या जेमतेम एक-तृतीयांश. गळालेला भाग कोणता, हे पाहताच त्याच्या जीवनाचा एक मोठा उलगडा झाला. प्रथिने ज्यांची बनतात ती ॲमिनो अम्ले, बहुतेक सर्व जीवनसत्त्वे, डीएनएचे घटक असलेली न्यूक्लिओटाइडे, ह्यांतील जवळजवळ काहीच हा जंतू स्वतः बनवू शकत नाही. ती बनविणारी विकरे ज्या जनुकांत लिहिलेली असतात, ती जनुकेच त्याच्यापाशी नाहीत. उलट, बाहेरच्या प्रथिनांचे तुकडे करणारी विकरे, ते तुकडे व शर्करा आत ओढून घेणारी वाहक प्रथिने ह्यांची समृद्धी आहे. ज्या घरात चूल नाही पण दारे पुष्कळ आहेत, असे हे घर होय. रोज शिजलेले अन्न शेजाऱ्याकडून यावे लागते. काचपात्रातील रसावर तो का वाढत नव्हता, ह्याचा निदान एक भाग येथे स्पष्ट झाला.

कुळाने तंतुजंतू क्लॉस्ट्रिडियम गटाच्या जवळचा ठरला. धनुर्वाताचा जंतू ह्याच कुळातला. तेव्हा काळजी वाटणे साहजिक होते. परंतु त्या कुळातील विषे व मारक द्रव्ये निर्माण करणारी बहुतेक जनुके तंतुजंतूत आढळली नाहीत.

आता दोन गोष्टी अशा निघाल्या की, ज्यांनी वाचकांना थांबून विचार करावयास लावले. पहिली बीजाणूंची. इतकी काटकसर केलेल्या लेखात बीजाणू घडविण्याचा व त्यास अंकुर फोडण्याचा संपूर्ण कारभार जसाच्या तसा राखलेला आहे. हे सामान फार खर्चिक असते. दुसऱ्याच्या देहात राहून संक्षेप पावलेल्या जंतूंत ते सहसा उरत नाही. माव्याच्या देहात राहणारा बुख्नेरा हा सहजीवी जंतू घ्या. त्याचा लेख अवघ्या ६ लक्ष ४० हजार अक्षरांचा असल्याचे २००० मध्ये दिसून आले, आणि त्यात बीजाणूंचे नावही नाही. भेद मुक्कामाच्या रीतीत आहे. बुख्नेरा आईच्या देहातून थेट संततीच्या देहात जातो. बाहेरची हवा त्याला कधी लागत नाही. तंतुजंतूला मात्र प्रत्येक पिढीत बिऱ्हाड मोडून, विष्ठेबरोबर उघड्यावर येऊन, प्राणवायूने भरलेल्या हवेत थांबून, नव्या पिलाच्या तोंडाची वाट पाहावी लागते. स्वयंपाकघर शेजाऱ्यावर सोपविता येते. प्रवासाची शिदोरी सोपविता येत नाही. दुसरा एक पुरावा ह्याच दिशेचा आहे. बंदिस्त सहजीवींच्या लेखात अक्षरांचे बदल फार वेगाने साचतात. तंतुजंतूच्या लेखातील बदलांचा वेग मात्र स्वतंत्र वावरणाऱ्या एश्चेरिकिया कोलायच्या वेगासारखाच असल्याचे प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुमानिले.

दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक होती. लेखात कशाभिकांची जनुके होती. कशाभिका म्हणजे जंतूला पोहण्यास उपयोगी पडणारा, वल्ह्यासारखा फिरणारा केसाएवढा अवयव. तो बांधण्याची सर्व जनुके, शिवाय अन्नाच्या वासाने दिशा धरण्याची यंत्रणा, हे सर्व पूर्ण होते. कशाभिकेच्या मुख्य प्रथिनाचे चार प्रकार लेखात निघाले, आणि त्यांपैकी तीन प्रकारांना यजमानाच्या पेशींवरील एक विशिष्ट ग्राहक ओळखतो असे कुवाहारा ह्यांच्या गटाने प्रयोगाने दाखविले. परंतु इतक्या वर्षांत सूक्ष्मदर्शकातून तंतूंची जी चित्रे घेतली गेली, त्यांत कोणीही कशाभिका पाहिलेली नव्हती. खुंटी रोवून एका जागी राहणाऱ्याला वल्ही कशाला? कुवाहारा ह्यांनी तर्क केला की ह्या जंतूच्या जीवनात दोन नव्हे तर तीन अवस्था असाव्यात: चिकटलेला तंतू, निद्रिस्त बीजाणू, आणि ह्या दोहोंच्या दरम्यान कोणास न दिसलेली एक पोहणारी अवस्था.

घरउंदराचा आणि मोठ्या उंदराचा

आता सुरुवातीस केलेला भेद उपयोगी पडेल. मोठ्या उंदरातील तंतुजंतूचा लेख १५.२ लक्ष अक्षरांचा असून त्यात प्रथिनांची १३४६ जनुके आहेत. त्याच गटाने वाचलेला घरउंदरातील तंतुजंतूचा लेख १५.९ लक्ष अक्षरांचा असून त्यात १४२० आहेत. दोन्ही लेख शेजारी ठेवले असता शंभरातील ८६ अक्षरे जुळतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही तंतू सारखेच दिसत असले, तरी लेखांत एवढे अंतर पडले आहे.

हे अंतर कागदावरचेच नाही. टॅनक, मिलर व सॅव्हेज ह्यांनी १९८४ मध्येच दाखविले होते की, एका जातीच्या उंदरातील तंतू दुसऱ्या जातीच्या उंदराच्या आतड्यास चिकटत नाहीत. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी त्यापुढचे पाऊल टाकले. मोठ्या उंदराचा तंतुजंतू घरउंदरास दिला असता तो आतड्याच्या पोकळीत वाढतो, पण अस्तराला चिकटत नाही; आणि चिकटत नाही म्हणून टीएच-१७ पेशीही निर्माण होत नाहीत. तेव्हा यजमानाची प्रतिकारशक्ती जागी होते ती जंतूच्या केवळ अस्तित्वाने नव्हे, तर त्या खुंटीच्या स्पर्शाने. आमच्या मते ह्या सर्व प्रकरणातील सर्वांत मोलाचा निष्कर्ष हाच आहे, कारण जंतू आहे की नाही एवढेच मोजणाऱ्या चाचणीला तो कधीच सापडला नसता.

लेख हाती आल्यानंतर

वाचलेल्या लेखाचा पहिला उपयोग निदानाकडे झाला. तंतुजंतूमुळे जाग्या झालेल्या टीएच-१७ पेशी नेमके काय ओळखतात? लिटमन ह्यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवून दिले की त्या पेशींपैकी पुष्कळशा तंतुजंतूच्याच ठराविक प्रथिनांना ओळखतात. आणि लेख हाती असल्यामुळे त्या प्रथिनांच्या जनुकांवर बोट ठेवता आले. तंत्रही पुढे गेले होते. २०१२ मध्ये स्टॅनफर्ड येथे स्यून्ये पाम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म नळ्यांतून एकेक तंतू वेगळा पकडून त्याचा लेख वाचला. त्यासाठी एकट्या जंतूचा उंदीर तयार करण्याचीही गरज उरली नाही.

मग वाढीचा जुना प्रश्न. २०१५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फिलिप सान्सोनेत्ती, पामेला श्नुप्फ, तसेच नादीन सेर्फ-बाँसुसाँ व इतरांनी तंतुजंतूस उंदराबाहेर वाढविले. पण एकट्याला नव्हे. सस्तन प्राण्यांच्या आतड्याच्या पेशी काचपात्रात वाढवून, त्यांच्यावर अत्यल्प प्राणवायूच्या हवेत आणि पेशींसाठी वापरतात त्या समृद्ध रसात त्याला सोडले, तेव्हा तो वाढला, लांबला, आणि त्याच्या पेरांत नवी शरीरे तयार झाली. चूल नसलेल्या घराला शेजार मिळवून दिला, तेव्हाच हे साधले. निर्भेळ वाढीचा दंडक ह्याने पुरा होत नाही, म्हणून नावामागची उमेदवारी तशीच राहिली.

मनुष्याच्या आतड्यातही असे तंतू असतात काय, ह्या प्रश्नाला बरेच वर्षे अर्धेमुर्धे उत्तर मिळत होते. स्वीडनमधील संशोधकांनी २०२० मध्ये मनुष्याच्या आतड्यातून मिळालेल्या तंतुजंतूचा जनुकसंच प्रसिद्ध केला. तो उंदरांतील दोन्ही तंतुजंतूंहून वेगळा निघाला. मनुष्यात त्याचा प्रतिकारशक्तीवर परिणाम कसा होतो, हे उंदरावरून ठरविता येणार नाही, असा सावधपणा मोठ्या उंदराच्या अनुभवावरून बाळगणे योग्य होय.

आणि वल्ह्यांचे काय झाले? त्याच वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, श्नुप्फ, सान्सोनेत्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतूच्या पेरांतून बाहेर पडू पाहणाऱ्या शरीरांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून काळजीपूर्वक पाहणी केली. खुंटीच्या टोकाजवळ त्यांना कशाभिका दिसल्या. त्या तंतूवर नव्हत्या आणि बीजाणूवरही नव्हत्या. त्या होत्या नव्या शरीरांवर, आणि तीही मातृपेशीतून सुटण्यापूर्वीच. घरउंदीर व मोठा उंदीर ह्या दोहोंच्या तंतुजंतूंत असेच आढळले.